सूर कळतो, आणि शब्दही

कुत्र्याला शब्द कळत नाहीत, केवळ आवाजाचा सूर कळतो, हे वरच्या प्रतिसादातील मत मला अर्धेच पटते. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये, एमआरआय यंत्रात जागेपणी निश्चल पडून राहायला शिकवलेल्या १३ कुत्र्यांच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा कौतुकाचे शब्द कौतुकाच्याच सुरात ऐकवले तरच मेंदूतील आनंदाशी निगडित भाग उत्तेजित झाला. नुसता लाडिक सूर किंवा कोरड्या आवाजातील तेच शब्द पुरेसे ठरले नाहीत.

बोलीचा मुद्दा मात्र इथे अजून कोणी मांडलेला नाही. वेंगुर्ल्याच्या आमच्या घरचा मोत्या मालवणी ऐकतच वाढला. मुंबईहून आलेला माझा भाचा त्याला कितीही प्रेमाने ‘इकडे ये’ म्हणाला, तरी तो पडवीत बसल्या जागेवरून फक्त शेपटी हलवीत असे. आई चुलीपुढून, मान न वळवता, ‘हंय ये रे’ म्हणाली की लगेच उठून उंबऱ्याशी येई. हा आईच्या आवाजाचा परिणाम असावा, अशी शंका मलाही होती, म्हणून भाच्यालाच ‘हंय ये’ म्हणायला सांगितले, आणि मोत्या त्याच्याकडेही आला. पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या दिवसांत, घरात मासळीचा वासही नसताना, मी पाठमोरा उभा राहून फोनवर सपाट आवाजात ‘बांगडो’ म्हटले तरी त्याचे कान टवकारतात. ‘सरंगो’ म्हटल्यावर तसे होत नाही. सरंगा त्याच्या वाट्याला कधी आलेलाच नाही.