'आय ॲम नॉट इन लव्ह' मधला तो मागचा "आऽऽ" नक्की कशाचा आहे?

रात्रपाळी
परवा 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' परत बघत होतो, त्यात सुरुवातीलाच हॉस्पिटलात तो पोरगा वॉकमन लावून बसलेला असतो तेव्हा हे गाणं वाजतं, १०सीसी बँडचं, १९७५ चं. यात मागे सतत ढगासारखा "आऽऽ" चालू असतो तो काय प्रकार आहे? मला वाटलं सिंथेसायझर, मित्र म्हणतो मेलोट्रॉन (पट्टी दाबली की टेपवरचा आवाज वाजवणारं वाद्य), बायको म्हणते चर्चचा कोरस. चहाची पैज लागलीये. जाणकारांनी प्रकाश टाका.

टेपवाला
चहा वहिनींना पाजा. माणसांचेच आवाज आहेत, फक्त कोरस नाही, बँडमधलीच तीन माणसं.
झालं काय, बँड चौघांचा, त्यातल्या एरिक स्टुअर्ट आणि ग्रॅहम गोल्डमननी हे आधी बोसा नोव्हा (ब्राझीलचा एक संथ ठेका) चालीत केलं होतं. तिसऱ्या केव्हिन गॉडलीला ते अजिबात आवडलं नाही आणि टेप चक्क पुसून टाकली! पण स्टुडिओतले लोक येता जाता तेच गुणगुणत होते म्हणून परत काढलं, तेव्हा गॉडली म्हणाला की करायचंच तर वाद्यं बाजूला ठेवून नुसत्या आवाजांवर करू. आणि चौथ्या लोल क्रीमनी टेप लूपची आयडिया काढली.
म्हणजे काय तर गोल्डमन, गॉडली आणि क्रीम तिघं माइकसमोर उभे राहून एकच सूर लांब धरायचे, "आऽऽ", बास. तो १६ ट्रॅकवर (एकाच टेपवरच्या १६ वेगळ्या रेघा म्हणा) १६ वेळा. झाले ४८ आवाज. ते मिक्स करून टेपचा तुकडा कापायचा, टोकं चिकटवून गोल करायचा, मशीनवर फिरवायचा. लूप इतका लांब की पलीकडे माइकच्या स्टँडला रोलर लावून त्यावरून ओढून आणलेला. असे सप्तकातले कोमल-तीव्र सगळे आणि वरचा सा धरून १३ सूर. या उद्योगात तीनेक आठवडे गेले.

मीठभाकर
४८ गुणिले १३ म्हणजे ६२४?? आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा वाचलाय बरं का, बँडवाले मुलाखतीत थोडं चढवून सांगतातच. आणि एवढं करून वाजवलं कसं ते सांगा, लूपला कुठे पट्ट्या असतात.

टेपवाला
@मीठभाकर आकडा स्टुअर्टनीच सांगितलेला आहे, चढवला असेल तर त्यानी :)
वाजवलं मिक्सरवर. १३ ट्रॅकवर १३ सूर अखंड चालू, चौघंजण डेस्कला खेटून बसलेले आणि ज्या कॉर्डला जे सूर हवेत त्यांचे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांड्या) वर, बाकीचे खाली. डेस्कचीच पेटी केली म्हणा ना. आणि खरी गंमत पुढे आहे, फेडरच्या खाचेत तळाला चिकटपट्टी लावून ठेवली होती म्हणजे कुठलाच फेडर पूर्ण बंद होऊ नये. त्यामुळे सगळेच सूर अगदी बारीक मागे झिरपत राहतात. आपल्याकडे गायक थांबला तरी तंबोरा चालू असतो ना, तसं. बाकी वाद्यं म्हणाल तर फेंडर ऱ्होड्स पियानो, थोडी गिटार, मधे बेस, आणि तो धप धप ठोका मूग सिंथेसायझरचा, ड्रमचा नाही.

सासुरवाशीण
मधे ती बाई कुजबुजते ना, मोठी मुलं रडत नाहीत वगैरे, ती स्टुडिओची रिसेप्शनिस्ट! दार हळूच उघडून एरिक तुमचा फोन आलाय असं दबक्या आवाजात सांगायला आली आणि क्रीम ओरडला हाच आवाज पाहिजे. ती बिचारी तयारच होईना. गंमत म्हणजे फोनचं सांगायला आलेली बाई अमर झाली आणि तो फोन कोणाचा होता कोण विचारतंय.
शब्दांबद्दल कोणीच बोललं नाही. स्टुअर्टची बायको म्हणायची तू मला आय लव्ह यू का म्हणत नाहीस, तर याचं म्हणणं उठसूट म्हटलं तर त्याला काय अर्थ राहिला. म्हणून सगळं गाणं उलटं, प्रेमबिम काही नाही, तुझा फोटो लावलाय तो भिंतीवरचा डाग झाकायला. आमच्या घरी पण असाच एक नमुना आहे, तोंडाने कधी म्हणणार नाही, स्टँडवर घ्यायला मात्र पाऊस असला तरी हजर.

मीठभाकर
मला शब्द थंडच वाटतात, चाल चांगली म्हणून खपलं. पण चाललं जोरात हे मान्य, इंग्लंडात १ नंबर आणि अमेरिकेत तीन आठवडे २ नंबरवर अडकलेलं. अमेरिकन गायक बिली जोएलच्या 'जस्ट द वे यू आर' मधे मागे तसलाच आवाजांचा थर आहे, ती कल्पना इथूनच घेतलेली. गॉडली आणि क्रीम मात्र १९७६ मधे बँड सोडून गेले.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार, चहा पाजला, वर भजी पण द्यावी लागली. काल रात्री हेडफोन लावून पहिली दहा सेकंदं चार वेळा ऐकली. टेपवाला म्हणतात ते खरंय, कोणी गायच्या आधीच मागे काहीतरी चालू असतं, मी इतकी वर्षं ती टेपची खरखर समजत होतो. आता शेवटी खेळण्यातल्या चावीच्या पेटीसारखं किणकिण वाजतं ते पण खरं खेळणंच आहे का?

टेपवाला
हो, म्युझिक बॉक्सच आहे. त्यावर पैज लावू नका.