गोष्टीतलं कासव आणि पहिली-दुसरीचा गटात करायचा प्रोजेक्ट, काय करू?

गुहागरची_बाई:
नमस्कार मंडळी, मी जि.प. शाळेत पहिली-दुसरीला आहे, दोन्ही वर्ग एकाच खोलीत. सध्या कासवाच्या पिल्लाची एक गोष्ट वाचून दाखवतेय आणि पोरं नुसती वेडी झालीत, डबा खाताना पण तेच चालू. म्हटलं यावरूनच गटात काहीतरी करून घेऊ, पण प्रोजेक्ट म्हटलं की दुसऱ्या दिवशी घरून थर्माकोलचं कासव येतं, आईने नाहीतर दादाने केलेलं, वर चमकी मारलेली 😅 आणि वर्गात गट केले की एखादा दांडगोबा सगळं ओढून घेतो, बाकीचे बघत बसतात. शिवाय गोष्टीत आई पिल्लांना पोहायला शिकवते असं दाखवलंय, ते खरं नाही ना? सांगायचं की राहू दे?

मंडणगडकर:
बाई, सांगा की! आमच्या वेळासला 2002 पासून घरटी राखतात, गावातल्या शेंबड्या पोराला पण माहितीय की कासवीण रात्री येते, मडक्यासारखा दीडेक फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि जाते ती परत काही बघायला येत नाही. पिल्लं 45 ते 60 दिवसांनी आपली आपणच बाहेर पडतात. हे ऐकलं की पोरं विचारणारच, मग त्यांना समुद्र कुठेय ते सांगतं कोण? तिथेच तुमचा प्रोजेक्ट सुरू. खोलीत अंधार करा, एका कोपऱ्यात बॅटरी लावा आणि पोरांना पिल्लं होऊन उजेडाकडे सरपटायला लावा. नंतर बॅटरी गुपचूप दुसऱ्या कोपऱ्यात न्या. किनाऱ्यावर हॉटेलचे दिवे का नकोत ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि हो, खड्डा शाळेच्या आवारातल्या वाळूतच खणा, सीझनमध्ये किनाऱ्यावर उकराउकरी नको.

दापोलीची_बालवाडीताई:
थर्माकोलवर उपाय एकच, घरी काही द्यायचंच नाही, सगळं वर्गात आणि वर्गातल्याच सामानात. गट तिघांचा, चौथा आला की एक रिकामा बसतोच. आणि काम असं द्या की एकट्याला जमणारच नाही. पिंगपाँगच्या बॉलएवढी 100 अंडी करायचीत तर एक गट माती मळेल, दुसरा गोळे वळेल, तिसरा दहा-दहाचे ढीग लावेल, रोज कामं बदलायची. पहिलीचं शंभरपर्यंत मोजणं त्यातच उरकतं, वेगळा तास कशाला! दांडगोबाला ढिगांवर बसवा, मोजताना चुकला की बाकीची पोरंच त्याला धरतात 😄
तशी ही काही नवी फॅडं नाहीत. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये आपल्याच किनाऱ्यावर बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा शिंपले, बिया, पानं असलंच आजूबाजूचं सामान वापरलं होतं. आता नव्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वयाला पायाभूत स्तर म्हणतात आणि खेळातून शिकवा सांगतात, त्यामुळे साहेब आले तरी बिनधास्त दाखवा.

मालवणी_माणूस:
कासव नाय गावला तरी कुर्ली (खेकडो) आसा ना! आमच्या हय पोरांका ओहोटीक किनाऱ्यार सोडलंय की बिळाभोवतीच्या वाळूच्या बारीक गुळयेंची नक्षी बघीत बसतत. हात लावूचो नाय, नुसती बघूची, मगे वर्गात येवन गटान चित्र काढूचा. पोरांनी स्वताच गोष्ट केल्यानी, कुर्लेन कासवाच्या पिल्लाक वाट दाखवल्यान म्हणान. मी सांगलंय, अरे कुर्ली पिल्लाक खाता! अर्धी रडाक लागली, अर्धी म्हणाली ही कुर्ली चांगली आसा 😂

गुहागरची_बाई:
😂😂 ही कुर्ली आमच्याकडे पण येणार बहुतेक. सगळ्यांचे आभार, सोमवारी बॅटरीचा खेळ घेते. आई शिकवत नाही हे आधी सांगणार नाही, पोरं विचारतील तेव्हाच. दापोलीच्या ताई, अंडी शाडूची करू ना? गणपतीतली थोडी उरलीय.

दापोलीची_बालवाडीताई:
चालेल, फक्त सावलीत सुकवा, कडक उन्हात ठेवलीत तर तडकतील. आणि शंभरापेक्षा थोडी जास्तच करा, पाच-सहा तर खिशातून घरी जाणार.