राणीबाग आधी झाडांची की प्राण्यांची?

भायखळेकर: रविवारी मुंबईत भायखळ्याच्या राणीबागेत गेलेलो. पेंग्विनच्या बाहेर ही लांबच लांब रांग आणि तिकडे उर्वशीच्या झाडाला लाल फुलांचे झुबके लोंबतायत, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, कोवळी पानं तांबूस, मलूल पडल्यासारखी खाली लटकलेली, आणि बघायला एक माणूस नाही. खूप वाईट वाटलं. ही बाग १८६२ ला सुरू झाली ती झाडांसाठी, प्राणी नंतर आले. माझं म्हणणं सरळ आहे, नवीन पिंजरे नि नवीन बांधकाम आता बास करा.

लालबागची लेक: नाही पटलं दादा. बाबा गिरणीत होते, मे महिन्यात आम्हा भावंडांना फिरायला न्यायचं म्हणजे राणीबाग, दुसरं परवडायचंच नाही. हत्तीण सोंडेने अंगावर माती उडवायची ते बघत आम्ही चपाती-भाजी खायचो, झाडाचं नाव कोणी विचारलं नाही पण सावली त्याचीच होती ना? पोरं प्राण्यांसाठीच येतात. प्राणी काढलेत तर गिरणगावातली पोरं येणारच नाहीत.

भायखळेकर: ताई, प्राणी काढा असं कुठे म्हटलं मी? नवीन नको म्हणतोय. पिंजरा हलवता येतो, दीडशे वर्षांची बाग पुन्हा लावता येत नाही. गोरखचिंचेचं खोड बघा एकदा, चार माणसांच्या कवेत मावायचं नाही.

परळचा पोरगा: तुम्ही दोघं तिकिटाचं बोलतच नाही. २०१७ ला पेंग्विन लोकांसाठी खुले झाले आणि त्याच वर्षी ५ रुपयांचं तिकीट ५० वर गेलं. चौघांच्या कुटुंबाला १०० ठेवलंय, पण एखादा माणूस एकटा बाकावर बसायला येत असेल तर त्याने रोज पन्नास कुठून आणायचे? थंडीतल्या पक्ष्याला मुंबईत दिवसरात्र एसीत ठेवायचं, हेच मुळात चुकतंय.

लालबागची लेक: तिकिटाचं एकदम बरोबर. पण पेंग्विन बघताना माझी मुलगी काचेला नाक लावून अर्धा तास हलली नाही, ते मी चूक म्हणणार नाही. मग बाजूच्या म्युझियमजवळचा घारापुरीचा दगडी हत्ती दाखवला, इंग्रज विलायतेला न्यायला निघाले तेव्हा तुटलेला, तुकडे जोडून उभा केलेला. तर म्हणाली, याला पण घरी सोडा ना.

परळचा पोरगा: पोरीला कळलं बघा.

भायखळेकर: बुधवारी बंद असते, गुरुवारी सकाळी आणा तिला. उर्वशी मी दाखवतो.