फुल-फ्रेम नसेल तर फिल्म करू नका? काहीही!

निळी_छत्री: परवा इथं कुणीतरी लिहिलंय, 'स्टुडंट फिल्मला फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या चिपचा) कॅमेराच हवा, परवडत नसेल तर थांबा, पैसे जमवा.' वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. दहा मिनिटांची फिल्म, दोन पात्रं, एक खोली. त्यासाठी बापानं कर्ज काढायचं? पॅनासॉनिकचा लुमिक्स जीएच५ कॅमेरा २०१७चा, सेन्सर मायक्रो फोर-थर्ड्स, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा बराच लहान, तरी ४के टेन-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची भरपूर माहिती असलेलं चित्र थेट कार्डावर उतरवतो. सेकंडहँड मिळतो, नाहीतर शनिवार-रविवार भाड्यानं आणा. उरलेल्या पैशात दोन एलईडी पॅनल आणि एक बरा माइक येईल.

पन्नास_एमएम: ते लिहिणारा मीच. मुद्दा लो-लाइटचा, कमी उजेडाचा होता. रात्रीचा रस्ता, खांबावरचा एकच दिवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२००च्या पुढं तुमच्या जीएच५ची काळी बाजू दाणेदार होते. पोरांकडे लाइट नसतात, म्हणून मोठा सेन्सर.

मोबाइल_मास्तर: २०१५चा 'टँजरीन' हा अख्खा अमेरिकन चित्रपट आयफोन ५एसवर झालाय. विषय संपला.

पन्नास_एमएम: आला टँजरीन! वाटच बघत होतो. त्यांच्याकडे अ‍ॅनामॉर्फिक अडॅप्टर (चित्र सिनेमासारखं रुंद करणारी जोड-लेन्स) होता, लॉस एंजेलिसचं ऊन होतं आणि दिग्दर्शकाची ती पहिली फिल्म नव्हती.

बूम_काठी: भांडा खुशाल. आमच्या कॉलेजच्या प्रत्येक शोला चित्र झकास आणि संवादाचं एक अक्षर कळत नाही. वर 'सुरुवातीला कॅनन १५००डी घे' सांगणारे सीनियर. त्याला बाहेरचा माइक जोडायला भोकच नाही, हे पोराला खोकं फोडल्यावर कळतं.

कोरा_कागद: मग डब करा ना. शेजारचा कुकर, रिक्षा, गणपतीआधी ढोलाचा सराव. आपल्याकडे सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच संवाद टिपणं, हे थेर आहेत.

बूम_काठी: केलंय डब. हॉस्टेलवर, गोधडीत डोकं घालून, ऐन मे महिन्यात. सीनमध्ये पोरगी रडू आवरत 'जा तू' म्हणते. डबिंगला तेच 'जा तू' रिक्षावाल्याला सांगितल्यागत आलं. पाच टेक, पाचही तसेच.

कोरा_कागद: पोरीला जमलं नाही, त्यात डबिंगचा काय दोष? डबिंगला ऐकायचा गाइड ट्रॅक, सेटवरचा कच्चा आवाज, तरी धड होता का?

बूम_काठी: गाइडमध्ये पंखा होता, पंखा! दुसऱ्याचं घर म्हणून पंखा बंद करा म्हणायला दिग्दर्शकाला लाज वाटते. अहो, पंखा बंद, फ्रिज बंद, आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये टाकायची. म्हणजे फ्रिज चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. हे कुणी शिकवत नाही, सेन्सरचं माप तेवढं पाठ.

ट्रायपॉड_तात्या: किल्लीचं लाख बोललात. पण आमच्या विभागात कॅमेरा असून कपाटात. 'पोरं पाडतात.' सही करणारे सर कायम मीटिंगला. बॅटऱ्या पडून पडून फुगल्या, त्याची जबाबदारी कुणाची? फी मात्र 'उपकरणांसहित' घेतली. कुठला कॅमेरा घ्यावा म्हणे!

कोरा_कागद: तात्या, वेगळा धागा काढा.

ट्रायपॉड_तात्या: ढोलाचं रडगाणं चालतं, आमचं कपाट नको.

पन्नास_एमएम: बरं बाई, दिवसाउजेडी जीएच५ चालेल. खूश? रात्रीला मात्र एफ १.८ किंवा त्याहून उघडी, जास्त उजेड आत घेणारी प्राइम (झूम नसलेली) लेन्स लागेलच. आणि ट्यूबलाइटखाली शटर १/५० सेकंद ठेवा. वीज ५० हर्ट्झची, ट्यूब तिच्याच तालावर लुकलुकते. काहीतरी भलतं शटर लावून फ्रेमभर पट्टे नाचवायचे आणि बोंब कॅमेऱ्याच्या नावानं!

निळी_छत्री: 'थांबा, पैसे जमवा'वरून 'चालेल'पर्यंत पोचलात, आभारी आहोत. शटरचं बरोबर आहे. 'बाई' नको.

मोबाइल_मास्तर: आयफोनवर ते १/५० कुठं असतं?

पन्नास_एमएम: विषय संपला होता ना?

बूम_काठी: सेटिंगमध्ये पाल (PAL) फॉरमॅट चालू करा, सेकंदाला २५ फ्रेमचा पर्याय दिसेल. शटर धरून ठेवायला वेगळं अ‍ॅप घ्या. माइकही.