अनुभव धागा : कोकणात मुलांना रोज खेळायला कुठे नेता?

गेल्या जूनमध्ये आम्ही रत्नागिरीत नाचण्याच्या बाजूला राहायला आलो. मुलगी साडेपाच वर्षांची. निघताना सगळे म्हणाले, "कोकणात चाललात, पोरीला अंगणच अंगण!" प्रत्यक्षात दुसरा मजला, खाली पेव्हर ब्लॉक आणि त्यावर गाड्या. पाऊस सरल्यावर दर रविवारी स्कूटरवरून जागा बघत हिंडलो. थिबा पॉइंटजवळचं जिजामाता उद्यान तिला आवडलं, पण तिथे जाणं हा सुट्टीचा बेत होतो. मला हवी आहे रोज साडेपाचला चालत गाठता येईल अशी जागा, जिथे तिला तिच्या वयाची मुलं भेटतील. तुम्ही कशी शोधलीत? नुसतं बागेचं नाव सांगू नका. पायाखाली काय आहे, ऊन कधी उतरतं, पावसात काय करता, तेही लिहा.

कुवारबाव, दोन मुलांची आई

आमची जागा कागदात सापडली. घराच्या फाइलमध्ये ले-आउटचा, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडल्याचा, नकाशा होता, त्यात एका तुकड्यावर 'खुली जागा' लिहिलेलं. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. तीन वर्षं आम्ही त्या जागेवरूनच ये-जा करत होतो! गळ्याइतकी रानमोडी, फुटक्या फरशा, कुणाचं तरी उरलेलं चिऱ्याचं सामान. ती आपली आहे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

नोव्हेंबरात आठ घरांनी मिळून ती साफ केली. खाली जांभा लागला. त्यावर पडलं की गुडघा सोलवटतोच, म्हणून लाल माती पसरली आणि झोपाळ्याखाली फूटभर खणून भुसभुशीत माती भरली. झोपाळा म्हणजे आंब्याच्या फांदीला दोर आणि फळी. घसरगुंडीसाठी वर्गणी काढायची की नाही यावर वाद झाले, दोन घरं अजून बोलत नाहीत. पण मुलं आली. आधी चार, मग अकरा. आता डब्बा ऐसपैस रंगला की मला हाका मारमारून घसा बसतो. तुम्ही आधी तुमचा नकाशा उघडा.

मिऱ्या, माझं फॅब्रिकेशनचं काम आहे

समुद्राकाठच्या बागेत मूल सोडण्याआधी दोन मिनिटं द्या. खाऱ्या हवेत लोखंड वरून चांगलं दिसतं आणि आतून पोखरतं. नव्या रंगावर जाऊ नका, रंगाखाली फुगवटे आहेत का बघा. पाळण्याची कडी जिथे आडव्या पाइपात घासते तिथे ती झिजून निम्मी होते. घसरगुंडीच्या पायऱ्यांचं वेल्डिंग खालून हाताने चाचपा. पाळणा स्वतः जोरात ओढून बघा. एका बागेत माझ्या भाच्याच्या हाताला गंजलेला पत्रा लागला, चार टाके पडले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. तेव्हापासून कुठेही गेलो की आधी मी वाकून बघतो, मग पोरं चढतात.

मालवण, आजोबा

आमचं मैदान देवाने दिलेलं आहे, फक्त त्याची वेळ रोज बदलते. नातू मुंबईहून येतो आणि विचारतो, "आज पाचला किनारा का नाही?" त्याला तिथीचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती आणि सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. पंधरवडा संपला की पुन्हा प्रतिपदेपासून. हिशोब ठोकळ आहे, पण आमचं आयुष्य त्यावर गेलं.

मुलांसाठी याचा अर्थ असा : पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी ओहोटी असते, लांबरुंद ओली वाळू मिळते, लंगडी घाला नाहीतर किल्ले करा. अष्टमीच्या सुमारास सहाला पाणी पार वर आलेलं असतं. त्या दिवसांत आम्ही बोर्डिंग ग्राउंडवर जातो. माझी आई सांगायची, "आदी भरती बघ, मगे खेळूक जा." आणि पाण्याकडे पाठ करून कुणी बसायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा.

देवगडजवळ

सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, क्रिकेटला न्याल तर एवढंच लक्षात ठेवा : चेंडू दगडांच्या सांदीत गेला तर मुलाने हात घालायचा नाही. फुरसं असतं, विषारी साप. लहान असतं, मातीच्या रंगाचं, दिसत नाही. आमच्याकडे काठी घेतल्याशिवाय चेंडू शोधत नाहीत. अंधार पडायच्या आत घरी.

चिपळूण, बाबा

२२ जुलै २०२१च्या पुरानंतर आमच्या गल्लीतल्या छोट्या बागेत गाळ साचला होता. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. दिवाळी झाली तरी तो खिडकीतून विचारायचा, "माझा घोडा कुठाय?" तो स्प्रिंगचा घोडा पुन्हा दिसलाच नाही. आता पवन तलाव मैदानावर नेतो. तिथे मोठ्या मुलांचं क्रिकेट असतं, त्यांच्याशी भांडण्याऐवजी मी जाऊन बोललो. साडेपाचपर्यंत एक कोपरा लहानांचा, असं त्यांनीच ठरवलं. आता तीच मुलं ह्याला बॉलिंग शिकवतात.

सावंतवाडी, आई

पावसाचे चार महिने आमचा आधार देवळाचा सभामंडप. पुजारीकाकांना विचारलं, ते म्हणाले आरतीच्या आधी आवरा. मुलं सागरगोटे खेळतात, खांबांभोवती पकडापकडी करतात. चिखलात खेळू नका असं मी म्हणणार नाही, पण आमच्या जिल्ह्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात सोडू नका, आणि त्या दिवसांत ताप आला तर अंगावर काढू नका.

अलिबाग

माझी लेक व्हीलचेअरवर आहे. नऊ वर्षांची. आमच्या जवळच्या बागेला गुरं येऊ नयेत म्हणून फिरतं फाटक बसवलंय. गुरांबरोबर तीही बाहेर राहते. मी अर्ज दिलेत, अजून देते आहे.

ओहोटीला पाण्यालगतची वाळू घट्ट असते, तिथे खुर्चीची चाकं फिरतात. अडचण फक्त वरच्या कोरड्या वाळूची, तेवढं उचलून न्यावं लागतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा कुलाबा किल्ल्याच्या दिशेने तिने स्वतः खुर्ची ढकलली, मागे वळून चाकांच्या दोन रेघा बघितल्या आणि म्हणाली, "आई, हे मी काढलं." बागा बघताना कृपा करून सगळ्यांनी फाटकाकडेही बघा. तुमच्या मुलाला गरज नसली तरी.

नाचणे, पुन्हा मीच

सगळं दोनदा वाचलं. आमच्या इमारतीला ले-आउट नाही, एकच प्लॉट आहे. पण मागच्या बाजूला भाताचे कुणगे आहेत, कापणी होऊन रिकामे झालेले. मालकीणकाकूंना जाऊन विचारलं. म्हणाल्या, "खेळू देत की, फक्त बांध मोडू नका आणि पावट्याच्या वाफ्यात शिरू नका." मेपर्यंतची सोय झाली. काल पहिल्या दिवशी पाच मुलं होती. त्यातली दोघं आमच्याच इमारतीतली निघाली, आणि सहा महिन्यांत ती एकमेकांना कधी भेटली नव्हती.

उद्या त्रयोदशी. तेराची पाऊणपट, पावणेदहाला भरती. म्हणजे चारच्या सुमारास ओहोटी. पाचही जणांना घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर चाललोय.