एकाच हॉपची पेल एल करायची आहे, कॅस्केड घेऊ की सिट्रा?

तिसरं_गेट_टिळकवाडी
नमस्कार मंडळी. मी नोकरीला लीड्सला असतो, तिथं आत्येभाऊ आणि मी मिळून घरी बिअर करतो, सध्या सुट्टीला बेळगावात आलोय. आतापर्यंत किटचीच केली, डब्यातलं सिरप ओतायचं, पाणी घालायचं, यीस्ट टाकून झाकून ठेवायचं. चव बरी येते ओ, पण त्यात तीन-चार हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) एकत्र असतात त्यामुळं कुठला वास कुणाचा हे काय कळतच नाही. म्हणून आता एकच माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि एकच हॉप घेऊन साधी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर करायची असं पक्कं ठरवलंय. येताना कॅस्केड आणि सिट्रा दोन्हीची 100-100 ग्रॅमची पाकिटं घेऊन आलोय. सुरुवातीला कुठला बरा? हॉप किती आणि कधी कधी घालायचा? इथंच घरी 20 लिटरची एक करून बघावी म्हणतोय, पण ऊन लई आहे, दुपारी पारा 35-36 ला जायलाय. क्वाइक यीस्ट गरमीत चालतं म्हणतात, ते घेऊ का? आणि पाणी नळाचं राकसकोपचं चालेल का बोअरचं घ्यावं?

जांबोटी_घाट
भाऊ, बाकीचे रेसिपी सांगतीलच पण आधी हे वाच. इथं घरात बिअर करू नकोस. कर्नाटकात अबकारी कायदा 1965 चा आहे, लायसन्सशिवाय दारू तयार करता येत नाही, स्वतःला प्यायला केली म्हटलं तरी तेच. चंदगड बाजूला कुणाच्या शेतावर करू म्हणशील तर महाराष्ट्रात दारूबंदी कायदा 1949 चा बसलाय, आणि चोर्ला उतरून गोव्यात गेलास तरी लायसन्स लागतंच. तुमच्या इंग्लंडात 1963 पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही, विकायची नाही एवढंच. मग तिकडं जाऊनच कर की. सुट्टीत घरच्यांच्या डोक्याला ताप कशाला, उगीच कोणतरी तक्रार केली म्हणजे?

हिंडलगा_रोड
जांबोटी बरोबर बोलला. मी पण परदेशात होतो तेव्हाच करायचो, इथं नाही.

आता तुझा प्रश्न. पहिल्यांदा कॅस्केडच घे. 1972 ला अमेरिकेत ओरेगॉनमधून बाहेर आलेला हॉप हा, तिथल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीवाल्यांची पेल एल याच्याच वासावर उभी राहिली. वास ग्रेपफ्रूटचा, थोडा फुलांचा, म्हणजे आपल्याकडचं पपनस सोलल्यावर हाताला लागतो ना तसा. अल्फा, म्हणजे कडूपणा देणारं ॲसिड, साधारण साडेचार ते सात टक्के, त्यामुळं हात थोडा इकडंतिकडं झाला तरी कडूपणा आवाक्यात राहतो. सिट्राचा अल्फा 11-12 च्या वर, तिथं उकळी आल्यावर टाकायच्या, तासभर उकळणाऱ्या हप्त्यात दहा ग्रॅम जास्त पडले की सगळी बॅच कडू.

20 लिटरला साडेचार किलो पेल माल्ट, बाकी काही नको. क्रिस्टल माल्ट, गहू, ओट्स यातलं काही घालू नकोस, नाहीतर परत किटसारखाच घोळ होणार, कशाचा वास कुठून आला ते कळायचं नाही. 66 डिग्रीला तासभर मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेव, मग तासभर उकळ. हॉप असा घाल, उकळी आल्यावर 40 ग्रॅम, शेवटची दहा मिनिटं राहिली की 30 ग्रॅम, गॅस बंद करून 80 डिग्रीपर्यंत खाली आलं की 30 ग्रॅम टाकून वीस मिनिटं झाकण लावून ठेव, आणि फर्मेंटेशन (आंबणं) शांत झाल्यावर 60 ग्रॅम ड्राय हॉप, म्हणजे न उकळता थेट बादलीत, तीनच दिवस. जास्त दिवस ठेवलास तर गवताचा वास यायला लागतो. हे सगळं मिळून 160 ग्रॅम झालं, तुझं पाकीट पुरणार नाही, तिकडं अजून एक घ्यावं लागेल, आणि शक्यतो त्याच वर्षाच्या पिकाचं घे.

असं चार वेळा का घालायचं ते समजून घे म्हणजे पुढं स्वतःची रेसिपी बसवता येईल. कडूपणा येतो अल्फा ॲसिडपासून, आणि ते उकळत्यात बराच वेळ राहिल्याशिवाय बदलून विरघळत नाहीत. वास येतो तेलांपासून, ती वाफेबरोबर उडून जातात. म्हणजे पहिल्या 40 ग्रॅमचा वास गेलाच समज, त्याचा फक्त कडूपणा राहतो, आणि ड्राय हॉपचं उलट, वास भरपूर, कडूपणा जवळजवळ नाही. मधले दोन हप्ते दोन्हीकडचं थोडं थोडं देतात. एकाच हॉपची बिअर करण्यात मला सगळ्यात जास्त आनंद याचाच वाटतो, की एकच पाला चार वेळेला टाकला आणि चारही वेळेला वेगळं काम केलं.

क्वाइक नको. नॉर्वेच्या शेतकऱ्यांचं यीस्ट ते, 35 डिग्रीला पण मस्त काम करतं यात वाद नाही, पण व्हॉस नावाचं जे सगळीकडं मिळतं ते स्वतःच संत्र्याचा वास सोडतं. मग कॅस्केडचा आंबटगोड वास कुठला आणि यीस्टचा कुठला हे तू कसं ओळखणार? यूएस-05 सारखं साधं यीस्ट घे आणि 18-20 डिग्रीला ठेव. लक्षात ठेव, बादलीत फर्मेंटेशन जोरात असताना आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार डिग्री वरच असतं.

लीड्सचं पाणी मऊ आहे, त्यात 5 ग्रॅम जिप्सम (एक क्षार) घाल. इंग्लंडातल्या बर्टन गावची पेल एल एकोणिसाव्या शतकात गाजली ती तिथल्या जिप्समवाल्या पाण्यानं, हॉपचा कडूपणा जिभेवर स्वच्छ उमटतो. आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी अर्धी कॅम्पडन गोळी, नाहीतर बिअरला औषधासारखा वास येतो.

तिसरं_गेट_टिळकवाडी
जांबोटी, हिंडलगा, दोघांचे आभार. कायद्याचं खरंच माहीत नव्हतं, इथं करत नाही, परत गेल्यावरच बघतो. पण जायला अजून वेळ आहे आणि दोन्ही पाकिटं इथं कपाटात पडलीत, तोपर्यंत या हॉपची ओळख करून घ्यायची काही सोय आहे का?

निपाणीची_मी
कपाटात?? आधी ती फ्रीजरमध्ये टाका दादा, या उन्हात कपाटात ठेवलेला हॉप लवकर खराब होतो, जुना झाला की चक्क चीजसारखा वास मारतो. पाकीट फोडलं असेल तर हवा काढून घट्ट बांधा.

सोय आहे. हॉपचं पाणी करा, यीस्ट नाही, साखर नाही, म्हणजे दारू होण्याचा प्रश्नच नाही. मी फूड टेक्नॉलॉजी केलंय, हा प्रयोग मला फार आवडतो कारण माल्ट आणि यीस्ट दोन्ही बाजूला होतात आणि हॉप एकटा समोर येतो. एक लिटर आरओचं पाणी घ्या, बोअरचं जड पाणी नको, त्यात हॉपचा कडूपणा खरखरीत उतरतो आणि रंग पण लालसर येतो. आधी लिंबू पिळा, चवीला आंबट लागेल इतपत, मग 80 डिग्रीपर्यंत तापवून गॅस बंद करा, 2 ग्रॅम हॉप टाका, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मलमलच्या फडक्यातून गाळा आणि लगेच गार करून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी थंड सोड्यात अर्धं अर्धं घालून प्या. दोन-तीन दिवसांत संपवा. कॅस्केडचं एक, सिट्राचं एक असं शेजारी शेजारी ठेवा, सिट्रात आंबा-लिचीकडं जाणारा वास येईल, कॅस्केडमध्ये तो नसतो. आणि थोडं पाणी मुद्दाम वीस मिनिटं उकळून पण बघा, हिंडलगावाल्यांनी सांगितलं तेच तोंडाला कळेल, वास गेलेला आणि कडू वाढलेला.

एक गोष्ट मात्र विसरू नका, उरलेला चोथा गल्लीत कुत्र्यांच्या तोंडी लागेल असा टाकू नका. हॉप कुत्र्यांना विषारी असतो, अंगात ताप एवढा चढतो की जीव जातो. बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या.

जांबोटी_घाट
हे कुत्र्याचं मला पण ठाऊक नव्हतं, बरं झालं सांगितलं ताई.

तिसरं_गेट_टिळकवाडी
ताई, पाकिटं आत्ताच फ्रीजरमध्ये ठेवली. आज रात्री दोन्हीचं पाणी करतो. हिंडलगा, शेवटचं एक, कॅस्केड जमल्यावर तीच रेसिपी सिट्रावर करायची झाली तर सगळे आकडे बदलायचे का?

हिंडलगा_रोड
फक्त पहिले दोन बदल. 40 च्या जागी 18 ग्रॅम, कडूपणा तेवढाच येईल. दहा मिनिटांचा हप्ता 30 वरून 15 ग्रॅमवर आण, बाकीचे दोन आहेत तसेच ठेव. अल्फा मात्र तुझ्या पाकिटावर छापलेला बघून घे, दरवर्षी पिकाप्रमाणं थोडा बदलतो. आणि बाटल्या भरताना नळी तळाला टेकवून भर, वरून ओतू नकोस, हवा मिसळली की ड्राय हॉपचा वास पहिल्यांदा मरतो. बाटल्या तपकिरीच घे.