सिनेमा एकट्या दिग्दर्शकाचा म्हणे!

फोलीवाला:
'आवडता सिनेमा' धाग्यावर कुणीतरी लिहून गेलंय: "सिनेमा दिग्दर्शकाच्या डोक्यात तयार होतो. बाकीचे नुसते हात. हातांना पगार मिळतो, वर दाद कशाला?" तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

बारा वर्षं ध्वनी विभागात फोली करतो, म्हणजे पावलं, दारं असे आवाज स्टुडिओत करून सिनेमात भरतो. पडद्यावर नायिका जिना उतरते ना, ती पावलं माझी असतात. उंच टाचांचे बूट, नऊ नंबर. हसा खुशाल. पण मुका जिना उतरणारी नायिका एकदा बघा, मग हातांबद्दल बोला.

आणि 'सायको' (१९६०) घ्या. शॉवरच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीतच नको होतं. बर्नार्ड हरमनने तरीही तो तुकडा लिहिला, ऐकवला, तेव्हा कुठे साहेबांनी मत बदललं. ती किंचाळणारी व्हायोलिनं कुणाच्या डोक्यातली होती?

एकखांबी:
वाक्य माझंच आहे. 'कुणीतरी' कशाला, नाव घ्यायचं की. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने पडतंय. लिहिलं हरमनने, पण 'राहू दे' कोण म्हणालं? हजार जण हजार गोष्टी आणून देतात, त्यातलं काय ठेवायचं हे ठरवतो तो सिनेमा करतो. फ्रेंच समीक्षक त्र्युफोने १९५४ मध्ये लेख लिहून पटकथाकारांच्या सिनेमावर तोफ डागली ती उगाच नाही. आणि सिनेमा पडला की शिव्या कोण खातं? फोलीवाला?

खर्डेघाशी:
त्र्युफोचं नाव निघालं की माझं डोकं उठतं. त्या एका लेखाच्या जिवावर लेखकाला कारकून करून टाकलं लोकांनी. मी एका सिनेमाचे चौदा खर्डे लिहिले. चौ-दा. पडद्यावर नाव आलं 'विशेष आभार'मध्ये, ज्यांनी शूटिंगला बंगला दिला त्यांच्या खाली.

आणि शिव्या दिग्दर्शक खातो? मग 'ॲलन स्मिथी' कोण होता हो? १९६९ च्या एका वेस्टर्नपासून अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या गिल्डने, म्हणजे संघटनेने, हे खोटं नाव वापरू दिलं. सिनेमा बिघडला की घ्या बुरखा. लेखकाला अशी सोय आहे का?

एकखांबी:
अर्धवट माहिती. स्मिथी फुकट मिळत नसे. सिनेमावरचा ताबा आपल्या हातून गेला हे गिल्डला पटवून द्यावं लागायचं. म्हणजे एरवी ताबा दिग्दर्शकाचा, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आभारी आहे. (विशेष आभार!)

खर्डेघाशी:
उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. कधी सेटवर पाय ठेवलाय?

कात्रीबाई:
भांडा. मी आपली 'जॉज' (१९७५) आठवतेय. यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बंद पडायचा, म्हणून तो फार दाखवताच आला नाही. जे मिळालं त्यातून धास्ती जुळवली ती संकलनाच्या टेबलावर, व्हर्ना फील्ड्सने. ऑस्कर मिळालं तिला. स्पीलबर्गला त्या वर्षी दिग्दर्शनाचं नामांकनही नव्हतं.

एकखांबी:
मग नादुरुस्त शार्कलाही दाद द्या. तोही टीममध्येच होता.

अर्धंतिकीट:
मी साधा प्रेक्षक. एक शंका: दाद म्हणजे शेवटची नामावली संपेपर्यंत बसायचं का? ती सात-आठ मिनिटं चालते. मला त्याआधी लघवीला जायचं असतं.

कात्रीबाई:
तुम्हीच ते! शेवटचं दृश्य चालू असताना मोबाईलचा टॉर्च लावून चप्पल शोधणारे!

अर्धंतिकीट:
बाई, चप्पल पुढच्या रांगेत गेली होती, ती मागच्याच्या लाथेने. आणि घरी बघावं तर नावं सुरू झाली की चौकट कोपऱ्यात जाते, 'पुढचा भाग ५, ४, ३…' ते आधी बंद करा.

फोलीवाला:
हे मात्र अगदी खरं. माझं नाव टपालाच्या तिकिटाएवढं होतं, आणि त्याच वेळी पुढच्या मालिकेतला कुत्रा भुंकायला लागतो. तो कुत्राही कुणीतरी फोलीतच केलेला असणार.

एकखांबी:
बघा, दादेचा विषय कुठे आला. नावं वाचणं म्हणजे दाद नव्हे, हजेरी. कुणी काय केलं हे पडद्यावरून कळतच नाही, तर दाद नेमकी कशाला द्यायची?

कात्रीबाई:
माझी बहीण रोटो करते, म्हणजे शॉटमधली माणसं-वस्तू एकेका फ्रेममध्ये कापून वेगळी काढते. एका शॉटमध्ये नायकाचे उडणारे केस आभाळापासून वेगळे काढत होती, सेकंदाला २४ फ्रेम, तीन आठवडे. आई मुद्दाम थिएटरात गेली. सगळी नावं वाचली, दिवे लागले, झाडणारे आले तरी उठेना. नाव नव्हतंच. कंपनीच्या वाट्याला मोजक्या ओळी, त्यात साहेब लोक. आई म्हणाली, "माझा चष्मा जुना झालाय, माझीच नजर चुकली असेल."

एकखांबी:
…हे वाईट झालं. माझं मत बदललेलं नाही, पण हे वाईट झालं. कुठला सिनेमा? केस बघतो.

कात्रीबाई:
सांगता येत नाही, करार आहे. आणि बघून काय करणार? केस म्हणजे केस दिसतील.

खर्डेघाशी:
चौदा खर्ड्यांबद्दल कुणी 'वाईट झालं' म्हटलं नाही, याची नोंद घेतली आहे.

अर्धंतिकीट:
मग मी उठू की बसू?